वाचून दाखव

पद्माची आणि नंदकिशोरची पहिली भेट झाली, तेव्हा तो तिच्या डब्यावर बसला.

चिंचवडच्या त्या मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाबाहेर एक लांबलचक बोळ होता आणि बोळात एक लाकडी बाक. एकचा भोंगा झाला, तशी पद्मा फडक्यात बांधलेला डबा बाकावर ठेवून हात धुवायला गेली. परत येते तो काय – बाहेरच्या लख्ख उन्हातून एक उंच, सडपातळ माणूस आत आला, बाकाशी थांबला, आणि घरच्या झोपाळ्यावर टेकावं तसा निवांत तिच्या डब्यावर बसला.

"अहो, उठा! पिठलं आहे त्यात!"

तो ताडकन उठला. फडक्यातून पिवळा ओघळ बाकावर उतरला होता, आणि थोडा त्याच्या पँटवरही. त्यानं चाचपून डबा उचलला आणि तिच्यासमोर धरला.

"गरम होतं?"

"सकाळी होतं."

"मग आता थोडं झालं असेल... पुन्हा."

रागवावं की हसावं, पद्माला कळेना. मोशीहून पहाटे निघायचं, भोसरीला बस बदलायची, आणि दुपारी हे! "दिसत नाही का तुम्हाला?" ती बोलून गेली.

त्यानं पँटवरचा ओघळ रुमालानं पुसला. मग म्हणाला, "उन्हातून आत आलं की अंधारी येते. चला, कॅन्टीनमध्ये राइस प्लेट. गुन्हा माझा, दंडही माझा."

जेवताना तो तिच्याकडे बघत होता, पण सरळ नाही. तोंड खिडकीकडे, आणि नजर डोळ्याच्या कोपऱ्यातून हळूच तिच्यावर... 'बाई गं, चोरून बघतोय की हा,' पद्माच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं – 'बघेना का.'

हे एक्क्याऐंशी सालच्या ऑक्टोबरातलं.

पद्मा दोन वर्षं त्याच विभागात पंच ऑपरेटर होती, पण पंचिंगची खोली वेगळी आणि प्रोग्रामर तिकडे फिरकत नसत. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम कार्डांवर भोकं पाडून उतरवायचे, हे तिचं काम. गणितात बी.एस्सी. झालेली मुलगी, पण भोकं पाडण्यात गणित कुठलं? मग कंपनीनं आतल्या आत एक परीक्षा घेतली आणि पद्मा पहिली आली. आता सहा महिने शिकाऊ प्रोग्रामर. जमलं तर कायम, नाही तर पुन्हा भोकं. आणि सोमवारी तिला ज्याच्या टेबलाशी नेऊन बसवलं, तो पिठल्याचा गुन्हेगार निघाला. नंदकिशोर, वय एकतीस, विभागातला सगळ्यात हुशार प्रोग्रामर. शिकाऊ लोकांचे प्रोग्राम तपासून सही करायचं काम त्याच्याकडे होतं.

पद्मानं आपला पहिला प्रोग्राम लिहिलेली कोडिंग शीट पुढे केली. त्यानं ती हातातही घेतली नाही.

"वाचून दाखवा."

"मी? अहो, तपासायचं तुम्ही..."

"कानांनी तपासतो मी. वाचा."

ती वाचू लागली. एका कामगाराची सगळी माहिती एका रेकॉर्डमध्ये कशी बसते, त्याची ती मांडणी होती. नंबर, नाव, जन्मतारीख, खातं... प्रत्येकाला ठरलेली जागा, ठरलेले कॉलम. ती वाचत होती आणि तो डोळे मिटून बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करत होता.

"थांबा. जन्मतारीख कितव्या लेव्हलला?"

"पाच."

"आणि दिवस, महिना, साल?"

"तेही पाचच."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

ती गोंधळली. "आबा, आई, दोन भाऊ, मी..."

"म्हणजे घर एक आणि माणसं घरात. तुम्ही घराला माणसांच्या पंगतीत जेवायला बसवलंत! तारीख म्हणजे घर, दिवस-महिना-साल ही आतली माणसं. त्यांना दहाव्या लेव्हलला न्या."

पद्माला हसू फुटलं. त्या दिवशी त्यानं अशा सात चुका काढल्या, सगळ्या ऐकून. कॉलमांची बेरीज त्याच्या बोटांवर होत होती. एकोणऐंशी भरली तरी म्हणे, "कार्ड ऐंशी घरांचं असतं, एक घर रिकामं राहिलं. तिथे उद्या भूत राहायला येईल."

पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा प्रोग्राम नीट चालला, पण कामगारांची माहिती साठवलेल्या टेपवर काहीच बदललं नाही. दोन दिवस पद्मा डोकं धरून बसली. शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी पत्ता बदलते, खातं बदलते, ओळ न् ओळ बरोबर आहे! मग जुनंच का उमटतं?"

"वाचा."

तिनं वाचलं. तिसऱ्या पॅराग्राफला त्याचं बोट थांबलं.

"आबांची शेती आहे ना? समजा, तलाठ्याकडून सातबाऱ्याची नक्कल आणली आणि घरी बसून त्या नकलेवर स्वतःचं नाव घातलं. जमीन नावावर होते?"

"छे!"

"तुम्ही तेच केलंत. रेकॉर्डची नक्कल दुसऱ्या जागी काढलीत, सगळे बदल नकलेत केलेत, आणि लिहिताना मूळ कागद जसाच्या तसा परत पाठवलात."

पद्मा बघतच राहिली. दोन दिवसांचं दुखणं या माणसानं डोळे मिटून, ऐकता ऐकता काढलं होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी अकराला ती खुर्ची ओढून त्याच्या डाव्या हाताला बसायची. मशीन रूमच्या काचेपलीकडे प्रिंटर खडखडत असायचा, आतला गारवा दाराच्या फटीतून पायांशी यायचा, आणि ती हळू आवाजात वाचायची... मशीन चालवणारा इकबाल, नंदकिशोरचा जुना दोस्त, काचेवर टिचकी मारून हात जोडायचा – चालू द्या, चालू द्या!

एकदा तिनं धीर करून विचारलं, "तुम्ही माझ्याकडे असं तिरकं का बघता?"

"सरळ बघितलं तर तुम्ही दिसत नाही."

"इश्श! हे कुठून शिकलात?"

"खरं सांगतोय."

ती लाजून खाली बघत राहिली. तो हसला नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

डिसेंबर उजाडला. पद्माच्या चुका कमी होत गेल्या. पाचांवर आल्या, दोनांवर आल्या, मग एका सोमवारी एकही नाही. नंदकिशोर म्हणाला, "झालं. आता रोज वाचून दाखवायची गरज नाही." म्हणाला खरं, पण आवाज जरा पडलाच त्याचा. पद्मालाही दिवसभर काम सुचेना. चूक नसल्याचं एवढं दुःख कुणाला झालं असेल का कधी?

दुसऱ्या दिवशी अकराला ती हजर.

"चालत नाहीये प्रोग्राम. बघता का?"

"वाचा."

तिनं वाचलं. एका वाक्यानंतर ती थांबली नाही, पुढे गेली. त्याचं बोट थांबलं.

"इथे पूर्णविराम नाही."

"अय्या, हो का..."

"ही चूक तुमची नाही."

"माझीच आहे. माझंच अक्षर आहे."

"अक्षर असेल. पूर्णविराम तुम्ही पहिल्या दिवशीसुद्धा विसरला नव्हता." तो थांबला. नजर खिडकीकडे, कोपऱ्यातून तिच्यावर... "मुद्दाम गाळलास ना?"

गाळलास! तुम्हीवरून तू! पद्माच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हो," ती म्हणाली.

"का?"

"तुम्ही इतके हुशार... ओळखा."

त्यानं टेबलावरचा हात पुढे सरकवला, जरा चाचपत, आणि त्याची करंगळी तिच्या करंगळीला टेकली. तेवढंच. प्रिंटर खडखडत राहिला.

त्याच महिन्यात विभागाचे मॅनेजर देवधर यांनी पद्माला तिचं पहिलं स्वतंत्र काम दिलं. सुरक्षा खात्याला चार हजार कामगारांची नवी ओळखपत्रं हवी होती, रक्तगटासकट. शिवाय कुठल्या गटाचं रक्त कोण देऊ शकेल त्याची यादी. दवाखान्यातली हातानं लिहिलेली वही तोवर फाटून चिंध्या झाली होती, तिच्याजागी ही यादी येणार होती.

पद्मानं जीव लावून प्रोग्राम लिहिला. रेकॉर्डची मांडणी तेवढी राहिली होती, आणि त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांनी, आबाजींनी, सांगितलं, "उद्या रजा टाक. तळेगावचं पाव्हणं बघाया येत्याती." राहिलेली मांडणी तिनं चुलीपुढं बसून पुरी केली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. डोळ्यांसमोर रक्तगट नव्हते, तळेगावचे पाहुणे होते. सकाळी भोसरीपर्यंत येऊन तिनं कागद एका ओळखीच्या पंच ऑपरेटरच्या हाती दिले आणि निरोप दिला – इकबालभाईंना म्हणावं चालवून बघा, पण सरांना सांगा, सही उद्या. मी वाचून दाखवीन, मग.

इकबालनं तीन कार्डं घालून प्रोग्राम चालवला. पद्माचं, स्वतःचं, नंदकिशोरचं. तिन्ही बरोबर छापली गेली. मग त्याची पाळी संपली आणि तो घरी गेला.

तीन वाजता देवधर टेबलाशी आले. "चारला छापायला गेलं पाहिजे. सही करा."

"उद्या केली तर, साहेब? एकदा नीट..."

"नीट बघायला काय दिवस लागतो तुम्हाला? हे घ्या, बघा आत्ता."

नंदकिशोरनं कागद हातात घेतले, पानं उलटली. देवधर उभेच होते. आजूबाजूला चार माणसं होती, त्यांतल्या कुणालाही 'जरा वाचून दाखव रे' म्हणता आलं असतं. तो म्हणाला नाही. त्यानं सही केली.

पद्मानं रक्तगटाला एकच कॉलम ठेवला होता. हवे होते दोन, कारण एबी हा गट दोन अक्षरांचा. एक कॉलम कमी पडला, म्हणून पुढचं, म्हणजे कार्डावरचं शेवटचं घर, एकानं मागे सरकलं आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या खुणेच्या जागी भलतंच घर वाचलं जाऊ लागलं. वजाची खूण सापडली तर निगेटिव्ह, नाही तर पॉझिटिव्ह, असं तिनं लिहिलं होतं. वजाची खूण त्या घरात कधी येणारच नव्हती. इकबालच्या तिन्ही कार्डांना हे कळायचं कारण नव्हतं. ती तिघंही एका अक्षराची आणि पॉझिटिव्ह होती.

चार हजार माणसांच्या कारखान्यात एकही निगेटिव्ह रक्ताचा माणूस नाही, अशी यादी छापून दवाखान्याच्या भिंतीवर लागली. कुणी ती लक्ष देऊन वाचली नाही.

जानेवारीच्या मध्यावर, सकाळी साडेदहाला, प्रेस शॉपमध्ये ज्योतीरामचा उजवा हात प्रेसखाली सापडला. ज्योतीराम मोशीचाच, पद्माच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसणारा. 'पद्माक्का, जागा धरली हाय,' म्हणून हाक मारायचा. त्याच्या ओळखपत्रावर होतं ओ पॉझिटिव्ह. इस्पितळानं स्वतः तपासलं तर ओ निगेटिव्ह निघालं. कंपनीला फोन आला – ओ निगेटिव्ह माणसं पाठवा, ताबडतोब! दवाखान्यातल्या बाईनं यादी काढली. निगेटिव्हच्या मथळ्याखाली कोरा कागद.

जीप पुण्याला गेली. रक्त यायला अडीच तास लागले.

ज्योतीराम वाचला. हात कोपरापासून काढावा लागला. रक्त लवकर मिळालं असतं तर हात राहिला असता का, हे डॉक्टरांनी कधीच ठामपणे सांगितलं नाही. पद्मानं दोनदा जाऊन विचारलं, तरीही. पुढे जुन्या वहीच्या चिंध्या चाळल्या तेव्हा कळलं, कारखान्यात ओ निगेटिव्ह असलेले एकोणीस जण होते. त्यांतला एक भिवा. ज्योतीरामच्या शेजारच्याच मशीनवर.

दुसऱ्या दिवशी देवधरांच्या खोलीत चौकशी बसली. सुरक्षा खात्याचे दोघं, देवधर, नंदकिशोर आणि पद्मा. पद्माला रात्रभर झोप नव्हती.

"चूक माझी आहे," खुर्चीवर बसायच्या आधीच ती म्हणाली. "मांडणी मी लिहिली."

"शिकाऊ माणूस चुकणारच," देवधर म्हणाले. "तपासणारा कशाला असतो? नंदकिशोर, हे प्रोग्रामचं छापील लिस्टिंग. ही तुमची सही. चुकीची ओळ कुठली ते दाखवा."

कागद त्याच्यापुढे सरकवला गेला. नंदकिशोरनं तो उचलला. आधी समोर धरला. मग डाव्या बाजूला नेला, डोळ्याच्या अगदी कडेशी, इतका जवळ की कागद कानाला लागला. मान वळवली. पुन्हा उजवीकडे नेला.

आणि पद्माला एकेक आठवत गेलं. तिरकं बघणं... चाचपत सरकणारा हात... 'सरळ बघितलं तर तुम्ही दिसत नाही...' तिनं ते सगळं शृंगार म्हणून ठेवून घेतलं होतं!

नंदकिशोरनं कागद खाली ठेवला.

"दीड वर्ष झालं," तो शांतपणे म्हणाला. "डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होते आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. पुण्याचे डॉक्टर म्हणतात, उपाय नाही. मला वाचता येत नाही, साहेब. मी न वाचता सही केली."

त्यानं त्याच दुपारी राजीनामा दिला. पद्मानं 'चूक माझी' असं लिहून दिलेला अर्ज देवधरांनी टेबलाच्या खणात टाकला आणि वर काढलाच नाही.

संध्याकाळी जिन्यात तिनं त्याला गाठलं. खालच्या पायरीवर इकबाल त्याची पिशवी घेऊन थांबला होता. पद्माला बघून त्यानं मान खाली घातली. "मला ठाऊक होतं, पद्माताई. यानं कसम घातली होती," म्हणाला आणि दोन पायऱ्या उतरून पाठमोरा उभा राहिला.

"म्हणजे तुम्हाला वाचणारी हवी होती," पद्मा म्हणाली. "मी नाही. कुणीही चाललं असतं."

"सुरुवातीला... हो."

"खोटं तरी बोला हो!"

"सुरुवातीला हो," तो पुन्हा म्हणाला. "मग तू एक पूर्णविराम गाळलास... त्या दिवसापासून तू मला दिसेनाशी कधी होशील, याचीच भीती वाटायला लागली. नोकरीची नाही."

पद्मा जिन्यातच बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. तो शेजारी बसला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही. त्यानं तो ठेवला नाही.

फेब्रुवारीत पद्मानं प्रोग्राम नव्यानं लिहिला. पहिलं लिस्टिंग घेऊन ती चिंचवडगावात त्याच्या घरी गेली. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत वाळत घातलेली चादर. त्याच्या आईनं, प्रभावतीबाईंनी, चहा ठेवला आणि त्या आत गेल्या.

"वाचून दाखवते. सही दुसऱ्याची असेल, पण तपासायचं तुम्ही."

तो भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. ती वाचू लागली. रक्तगट, दोन कॉलम. खूण, एक कॉलम. आवाज आधी कापत होता, मग लागला. अर्धा तास ती वाचत होती.

"एकही चूक नाही," शेवटी तो म्हणाला.

पद्मा कागद नीट करू लागली आणि तिचा हात थबकला. दोन पानं एकाला एक चिकटली होती. मधलं एक अख्खं पान तिनं वाचलंच नव्हतं. त्या पानावरचे सगळे पॅराग्राफ गायब, आणि एका पूर्णविरामावर बोट ठेवणाऱ्या या माणसाला पत्ता नव्हता!

"सर... तुम्ही ऐकत होतात ना?"

"ऐकत होतो."

"काय?"

त्यानं डोळे उघडले.

"आवाज," म्हणाला.

त्या रात्री तिनं घरी सांगितलं, तळेगावचं स्थळ नको. मी त्यांच्याशी लग्न करीन. आईनं कपाळावर हात मारला. आबाजी उठून ओसरीवर गेले. रविवारी धुतलेला सदरा घालून, पद्माला बरोबर घेऊन ते चिंचवडगावला गेले.

"साहेब, म्या जात इचाराया आलो न्हाई," आबाजी गोधडीवर बसत म्हणाले. "पोरगी तुमचं नाव घेती. तुमी मानूस खरं बोलता, असं बी सांगती. म्हनून एकच इचारतो. तुमाला पोरगी असती आन् मागनी घालनारा आंधळा व्हनार आसता, तर दिली असती का?"

पद्मा दारात उभी होती. तिच्या मनात एकच – हो म्हणा. एकदा. हो म्हणा ना!

नंदकिशोरनं तोंड खिडकीकडे वळवलं.

"नाही, आबाजी," तो म्हणाला. "दिली नसती."

आबाजी उठले. त्यांनी त्याला हात जोडले आणि ते बाहेर पडले. पद्मा काही क्षण तशीच उभी राहिली. तो तिच्याशी काही बोलेल, असं तिला वाटत होतं. त्यानं तोंड खिडकीकडेच ठेवलं. प्रभावतीबाई पदरानं डोळे पुसत होत्या.

मार्चमध्ये चिंचवडचं घर सोडून मायलेक नागपूरला नंदकिशोरच्या थोरल्या भावाकडे गेले. पद्मा कायम झाली. नवी ओळखपत्रं वाटली गेली, यादीत एकोणीस नावं आली, आणि ज्योतीराम घरी बसून डाव्या हातानं कांद्याच्या गोण्या शिवायला शिकला. ती त्याच्याकडे गेली आणि चूक आपली होती, हे तिनं त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं गोणीत दाभण खुपसलं. "आता सांगून काय, पद्माक्का," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो तिला अक्का म्हणाला नाही.

नागपूरला पत्र लिहावं, तर तेही कठीण. पत्र त्याच्यापुढे वाचणार कोण? त्याची वहिनी. मग काय लिहायचं? ती लिहायची, "प्रोग्राम चालला. एकोणीस नावं बरोबर आली. इकबालभाई आठवण काढतात." उत्तर यायचं परक्या, वळणदार अक्षरात, "तुमचे पत्र पावले. वाचून आनंद झाला." आनंद! पद्मा ते पोस्टकार्ड उलटसुलट करून बघायची. त्याचा हात कुठे लागला असेल, ते शोधायची.

दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी आबाजी ओसरीवर कांद्याचं बी निवडत बसले होते. पद्मा दिवा लावून आली, तसे ते मान वर न करता म्हणाले, "पोरी, एक सांगू का? त्या दिशी त्यो 'व्हय' म्हनला आसता ना... म्या दिली असती तुला."

पद्मा उभीच राहिली. "आबा!"

"व्हय. आपल्या पोरीचा हात मागताना खोटं बोलाया लागलं तरी बोलंल, इतका जीव हाय का, ते बघाया गेलो व्हतो म्या. त्यो खरं बोलला. मंग मला वाटलं, त्याचंच मन न्हाई." त्यांनी बी सुपात टाकलं. "आता कळतंय, म्या इचारलंच चुकीचं."

त्या रात्री पद्मानं आंतर्देशीय पत्र काढलं. आधी दोन ओळी प्रोग्रामच्या लिहिल्या. खोडल्या. मग लिहिलं –

"वहिनी, नमस्कार. हे पत्र तुम्हालाच वाचावं लागणार, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता लाज सोडली. पुढचं त्यांना ऐकू जाईल असं, सावकाश वाचा. माझं तुमच्यावर प्रेम आहे. आबांनी होकार दिला आहे. तुम्हाला मी दिसले नाही तरी चालेल. मी येऊ का?"

नागपूरहून उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेच वळणदार अक्षर, पण या वेळी 'तुमचे पत्र पावले' नव्हतं.

"प्रिय पद्मा, तुझं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा. माझ्याच्यानं चौथ्यांदा वाचवलं नाही. उत्तर काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाले, तिला 'नको' लिहा. मी म्हटलं, कारण? म्हणाले, पूर्वी कडेकडेनं दिसायचं, आता तेही गेलं. ती येईल, आणि मी तिला एकदाही बघू शकणार नाही. हे मला सोसणार नाही. म्हणून मी 'नको' लिहिते आहे. पण बाई, पत्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं. उशाशी ठेवलं आहे. मधूनच काढतात, घडी उलगडतात, बोटं फिरवतात आणि पुन्हा घडी घालतात. हे लिहायला त्यांनी सांगितलेलं नाही. मी आपलं लिहिलं."

पद्मानं रात्रभर पुन्हा पुन्हा वाचलेल्या पत्राची घडी घातली, तेव्हा बाहेर फटफटलं होतं. आईनं आतून हाक मारली, बस जाईल गं. तिनं पत्र पदराआड ठेवलं, डबा घेतला आणि ती निघाली. त्या दिवशी विभागात एक नवी शिकाऊ मुलगी येणार होती आणि तिचे प्रोग्राम तपासायचं काम पद्माकडे होतं. तिनं ठरवलं होतं, कागद हातात न घेता म्हणायचं – वाचून दाखव.